तळवे

त्सागान सारच्या सकाळी, नवं वर्ष उगवताना,
धाकट्यानं थोरल्याच्या कोपरांखाली
आपले उघडे तळवे धरायचे असतात, आभाळाकडे करून.
गोबीत आमची हीच रीत: भार तुमचा, हात माझे.

मुंखजिननं त्या दिवशी हातमोजे काढले नाहीत.
आजोबा गप्प राहिले. थोरला भाऊ बोललाच:
"कोळशाच्या ट्रकवर बसून माणूस रीतभात विसरतो."

चौथ्या दिवशी तो माझ्याकडे आला.
बाहेर उणे एकतीस.
चुलीजवळ उभं राहून त्यानं एकेक बोट सोडवलं,
उसनं आणलेलं काही परत करावं तसं.

तांब्याच्या रंगाचे डाग, वाटाण्याएवढे,
कडेला पापुद्र्याची बारीक झालर.
दाबले तरी न विझणारे.
खाज? नाही. दुखतात? नाही.
"कोळसा असेल, डॉक्टर. कातडीत मुरतो तो.
सीमेवर रांगेत अकरा दिवस काढले. धुवायला पाणी नव्हतं."

मी म्हटलं, बूट काढ.

तळपायांवर तेच.
कोळसा लोकरी मोज्यातून आत शिरत नाही, मुंखजिन.
तो बुटाच्या नाडीकडे बघत राहिला.
मग हळूच: पानगळीच्या सुमाराला एक जखम होती. तिथे.
दुखली नाही. आपोआप गेली.

हेच तर. या दुखण्याला
दुखवायची घाई नसते.

रक्त गोठू दिलं, वर पिवळं पाणी सुटलं.
पांढऱ्या कार्डावर त्याचा एक थेंब,
त्यात औषधाचा एक; त्या थेंबात असतात
कोळशाचेच कण (मला हसू आलं, मी ते गिळलं).
आठ मिनिटं फिरवायचं.
उपदंश असेल तर कण एकमेकांना बिलगतात,
नासलेल्या दुधासारखे.
नसेल तर नुसता करडा, सपाट थेंब.

सपाट.

दीड वर्षापूर्वी मी इथेच थांबले होते.
ओयुनचिमेग, खाणीच्या भटारखान्यातली,
तिच्या तळव्यांवर असेच ठिपके.
कार्ड सपाट, म्हणून मी इसब लिहिलं,
मलम दिलं, साबण बदल म्हणाले.
वसंतात तिचं बाळ
न रडता आलं.
नंतर मोठ्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेतली बाई फोनवर म्हणाली,
तिच्या आवाजात दोष नव्हता, म्हणून जास्त लागलं:
साक्षीदार फार झाले की एकाचीही साक्ष ऐकू येत नाही.
पाणी घालून बघायचं होतं.

मी पाणी घातलं. मिठाचं, मोजून.
निम्म्याला सपाट. चौथाईला सपाट.
सोळाव्या हिश्शाला काळे कण दचकले,
चौसष्टाव्याला कडेकडेनं जमून उभे राहिले.

पेनिसिलिन दोन्ही कुल्ल्यांत, अर्धं अर्धं.
रात्री ताप भरेल, घाबरू नको, म्हटलं,
मरणारे जंतू गोंधळ घालतात.
आणि डाग जातील, पण त्यांच्यावर विसंबू नको,
ते सुईशिवायही गेले असते.
आता नावं सांग.
"एकीचं मला माहीत नाही," तो म्हणाला.
"दुसरी घरी आहे."

दुलमा आठवड्यानं आली, एकटीच.
टोपीवर बर्फ, हातात वाळवलेल्या दह्याची पुरचुंडी.
कोण, कुठे, कधी, यातलं काही विचारलं नाही.
म्हणाली, "मला वाटलं, माझ्या बापाच्या कोपराला
हात लावायची त्याला किळस आली.
चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही."

तिनं हात पुढे केले, न सांगता.
तळवे स्वच्छ होते, घट्ट्यांसकट.
तरी मी बाही वर करायला सांगितली.

कार्ड आता फिरतंय.
या वेळी पाणी घातलेले थेंब
पहिल्यापासूनच शेजारी आहेत.